ठरलेलं दुखणं

“मॅडम, काकांनी कुणाला दाखवलं का?”

प्रश्न म्यूटनं विचारला, त्यामुळं आधी सगळ्यांना त्याचंच नवल वाटलं. ही मुलगी वर्गात तोंड उघडत नाही म्हणून पोरांनी तिला हे नाव ठेवलेलं, आणि तिनंही ते मुकाट्यानं चालवून घेतलेलं. वर्तुळात मांडलेल्या खुर्च्यांवरची सगळी मुलं एकदा तिच्याकडं, एकदा मॅडमकडं बघायला लागली. मॅडमच्या चेहऱ्यावर ऐकून घेण्याचा भाव होता. मान किंचित कललेली, भुवया सैल, हात मांडीवर. इतकी वर्षं शिकवून शिकवून तो भाव आता आपोआप चेहऱ्यावर येऊन बसायचा, बँकेच्या रांगेत उभी असली तरी. “कुठल्या काकांनी?” तिनं विचारलं. काका एकच होते. “पेशंटकाकांनी,” म्यूट म्हणाली. “ते गिळायचं सांगत होते ना गेल्या वेळी. आज आले नाहीत, म्हणून विचारलं.” कुणीतरी फिसकन हसलं, कारण गेल्या वेळचा विनोद अजून ताजा होता, आणि तो विनोद मॅडमनंच केला होता.

हा तास तिनं भांडून मिळवलेला. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना पेशंटशी बोलायला शिकवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, असं भर बैठकीत एका सर्जननं विचारलं होतं, आणि बाकीचे चहा पिता पिता गालात हसले होते. स्टाफरूममध्ये अजूनही त्याला गप्पांचा तास म्हणत. जागाही मिळाली ती एका बंद पडलेल्या प्रयोगशाळेची. भिंतीला रांगेनं बेसिनं, त्यातल्या एकाचा नळ कितीही पिळला तरी ठिबकायचा. तिथं तिनं खुर्च्या मांडल्या, मध्ये एक टेबल, टेबलावर कागदी रुमालांचा डबा. दर आठवड्याला एक मूल डॉक्टर व्हायचं आणि पेशंटकाका पेशंट. काय दुखतं, त्यातलं आपण होऊन काय सांगायचं आणि नीट विचारलं तरच काय सांगायचं, हे ती आधी कागदावर लिहून काकांना द्यायची. ते संपलं की सगळ्यांनी वर्तुळात बसायचं. तिथं रोगाचं नाव काढायला बंदी होती. काय कळलं ते सांगू नका, काय वाटलं ते सांगा, हे तिचं वाक्य मुलं पाठीमागं तिच्या आवाजात म्हणून दाखवत, हे तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

पेशंटकाका हा तिचा सख्खा मोठा भाऊ. मुलांना हे माहीत नव्हतं, तसं तिनंच ठरवलं होतं. दादानं उभी नोकरी टेलिफोनच्या ऑफिसात तक्रारी नोंदवून घेण्यात काढली, आणि ऑफिसच्या नाटकांत दरवर्षी कुणाचा तरी बाप झाला. वहिनीच्या आजाराचं ज्या डॉक्टरनं सांगितलं, त्यानं ते व्हरांड्यातून चालता चालता सांगितलं, कानाला फोन, आणि दादा त्याच्या मागं अर्धवट पळत होता. “निम्मं वाक्य मला ऐकूच आलं नाही गं, आणि परत विचारायची लाज वाटली,” तो नंतर म्हणाला होता. हा तास सुरू झाला तो त्या वाक्यावरून. आणि तो सुरू झाल्यावर दादाच म्हणाला होता, मला घे, मी दर आठवड्याला मरायला तयार आहे. तसा तो हौसेनं मेला. त्याला हृदयाचे रोग झाले, किडन्या गेल्या, एकदा तर तो आईही झाला, ओढणी घेऊन. थरथरत्या पोरांनी त्याला वाईट बातम्या सांगितल्या आणि त्यानं शांतपणे ऐकून घेतल्या. मग शेरा द्यायचा, “हात गार होता बाळ तुझा, पण धरलास, बरं वाटलं.” घरी तो तिला चिंगी म्हणायचा. वर्गात मॅडम म्हणायचं, असं तिनं त्याला बजावलं होतं, आणि तो म्हणायचा. एकदाही चुकला नाही.

गेल्या आठवड्यात पाळी म्यूटची होती. कागदावर साधी छातीतली जळजळ होती, मसालेदार खाणं, अपुरी झोप, आणि खाली दडवलेलं दुखणं असं, की मुलगा घर सोडून गेलाय आणि फोन उचलत नाही. तिथपर्यंत मुलीनं पोचायचं होतं. म्यूट खुर्चीच्या कडेवर बसली होती, चष्मा सारखा सावरत. सुरुवातीला दादा ठरल्याप्रमाणे बोलला. मग मध्येच थांबला आणि म्हणाला, “आणि घास इथं अडकतो.” हात छातीच्या हाडावर, नेमका मधोमध. म्यूटनं विचारलं, कधीपासून. तो म्हणाला, बरेच दिवस झाले, आधी भाकरीपोळीचाच अडकायचा, आता भाताचाही अडकतो. म्यूट पुढं सरकली. चष्म्याकडं जाणारा तिचा हात थांबला होता. “आणि मग तुम्ही काय करता?” तिनं विचारलं. त्या वेळी मागच्या खुर्चीवरून मॅडमचा आवाज आला, “पेशंट, आपण ठरलंय तेवढंच.” आवाज गोड होता. दादानं मान वळवून तिच्याकडं पाहिलं, आणि “सॉरी मॅडम,” म्हणून कागदावरच्या मुलाकडं वळला, जो घर सोडून गेला होता. ते काम त्यानं नेहमीसारखं फक्कड केलं. दोन मुलींनी डोळे पुसले.

आणि नंतर वर्तुळात म्यूट म्हणाली होती, “मला ते गिळायचं खरं वाटलं.” एवढंच. ती कधी नव्हे ते बोलली होती, आणि मॅडमनं तिला उत्तेजन द्यायला हवं होतं. त्याऐवजी ती म्हणाली, वाट सोडून आडवाटेला गेलीस, वेळ वाया गेला, मुलाचा विषय तुझ्या हातून निसटला असता. मग वर्ग जरा गंभीर झाला म्हणून तिनं पुढं जोडलं, “म्हणजे यंदाचं अभिनयाचं बक्षीस काकांनाच द्यायला हवं, तज्ज्ञसुद्धा फसले.” सगळे हसले. दादाही हसला, रुमालानं तोंड पुसत. म्यूट हसली नाही, पण ती कधीच हसत नसे.

आता ती परत तोच प्रश्न घेऊन बसली होती, आणि उत्तराची वाट बघत होती, जसं शिकवलं होतं तसं, शांततेला घाई न करता. सकाळी मॅडमला दादाचा फोन आला होता. आज जमेलसं वाटत नाही गं, जरा थकवा आहे. त्यावर ती म्हणाली होती, अरे मग आयत्या वेळी पेशंट कुठून आणू? याच शब्दांत. थकवा कसला, हे तिनं विचारलं नव्हतं. “विचारते मी त्यांना,” ती म्यूटला म्हणाली, आणि लगेच शेजारच्या मुलाकडं वळली, “तू काहीतरी सांगणार होतास ना?” तो मुलगा सांगायला लागला. वॉर्डात एका म्हातारीनं त्याचा हात धरला आणि त्यानं तो सोडवून घेतला, कारण राउंड पुढं चालला होता, आणि तेव्हापासून त्याला स्वतःची लाज वाटत होती. तो चांगलं सांगत होता. ती मान हलवत होती. त्यातला एक शब्द तिच्या डोक्यात शिरत नव्हता. नळ ठिबकत होता आणि तिला छातीच्या हाडावर ठेवलेला तो हात दिसत होता, चार बोटं जुळवून. रेघ न रेघ तिनं त्याला लिहून दिली होती, आणि कागदावर हे असं कुठंही नव्हतं. नट हात पसरून ठेवतो, लांबून दिसावा म्हणून. ज्याला दुखतं तो बोटांनी जागा दाखवतो. हे ती दुसऱ्या वर्षात शिकली होती, आणि पुढं शेकडो मुलांना तिनं शिकवलं होतं.

तास संपल्यावर ती सरळ दादाकडं गेली. वाटेत सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिनं मनात संभाषण तयार करायला घेतलं, आणि तिच्या लक्षात आलं की आपण पहिलं वाक्य, मग थांबायचं, मग दुसरं वाक्य, असं बसवतोय. तिला स्वतःचा राग आला. राग आल्यानं जरा बरं वाटलं, कारण लाजेपेक्षा राग परवडतो. मला काय माहीत, ती स्वतःशी म्हणाली. त्यानं सांगायला नको? सख्खी बहीण डॉक्टर, आणि हा पोरांसमोर बडबडतो. मला माहीत असतं तर त्याच दिवशी उचलून नेला असता. मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला तेव्हा सिग्नल केव्हाच सुटला होता.

दादानं दार उघडायला वेळ लावला. घरातला सदरा खांद्यावरून उतरल्यासारखा लोंबत होता. तो तसा लोंबतोय हे तिनं पाहिलं, आणि आजच पाहिलं असं स्वतःला बजावलं. टेबलावर कपात दूध, दुधात पाव विरघळून लगदा झालेला, आणि चमचा. “ये,” तो म्हणाला. “तास लवकर सुटला?” ती बसली नाही. “घास अडकतो तुझा?” तिनं विचारलं. त्यानं कप उचलून ओट्यावर नेऊन ठेवला, पाहुण्यापुढचं उष्टं उचलावं तसा. “अडकतो,” तो म्हणाला.

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं की. त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं. तू म्हणालीस, ठरलंय तेवढंच.”

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिला उलट बोलता आलं असतं. “ती काय सांगायची जागा आहे, दादा? घरी सांगायचंस. रविवारी येतोस ना माझ्याकडं.” त्यावर तो जरा हसला. “काढला होता विषय एकदा. तू म्हणालीस, बकाबका खातोस, नीट चावून खा.” आणि तिला तो रविवार आठवला. ती वाढता वाढता फोनवर बोलत होती, परगावच्या एका कॉलेजला तिला भाषणाला बोलावलं होतं, आणि विषयाचं नाव काय ठेवायचं यावर पलीकडच्याशी घोळ चालला होता. शेवटी ऐकून घेण्याची कला असं ठरलं. फोन ठेवताना ती दादाला म्हणाली होती, चावून खा. भाषण छान झालं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, एका तरुण डॉक्टरनं पाया पडायचा प्रयत्न केला, आणि त्याला अडवायला तिनं जरा उशीरच केला होता.

“आणि खरं सांगू का चिंगे,” दादा म्हणाला, “तिथं मला सोपं जातं. त्या खुर्चीवर बसलं की समोरचं पोर विचारतं, आणखी काही सांगायचंय का. विचारावंच लागतं बिचाऱ्याला, मार्क असतात. आयुष्यभर लोकांच्या तक्रारी लिहून घेतल्या, माझी लिहून घेणारं तेवढंच एक टेबल. म्हटलं, आज आपलं आपण सांगून बघावं. ती पोरगी ऐकत पण होती.” तो खुर्चीत बसला, बसताना टेबलाला धरून. तिला वाटलं आपण काहीतरी बोलायला हवं, आणि ती बोलली, “मला समजतंय, दादा, तुला हे सगळं एकट्यानं…” आणि तिचा आवाज तिला ऐकू आला. तो खाली उतरला होता, मऊ झाला होता, शेवटाकडं जरा रेंगाळत होता. दादानं हात वर केला. “ते नको,” तो म्हणाला. “दुसरं काहीही बोल. ओरड माझ्यावर. ते मी फार वेळा ऐकलंय गं.”

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं जे वाक्य तिनं मुलांच्या तोंडात घातलं ते भावाच्या घरात उच्चारता येत नव्हतं, आणि त्याच्याखाली दुसरं वाक्य असेल म्हणून ती शोधायला गेली तर तिथं काही नव्हतं. “मला माहीत असतं तर,” ती म्हणाली, “मला कळलं असतं ना, तर मी…” दादानं तिच्याकडं पाहिलं. फार वेळ नाही, पण त्याच्या बघण्यात एक कंटाळा होता, चुकीच्या नंबरला फोन लागल्यावर येतो तसा. मग त्यानं विचारलं, चहा टाकू का. तेव्हा ती रडायला लागली. तो उठला, तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला, अगं होतं असं, असू दे म्हणाला, आणि रडता रडताच तिच्या लक्षात आलं की आत्तासुद्धा ऐकून घेण्याचं काम त्याच्याचकडं आहे. तरीही तिला रडणं थांबवता आलं नाही. तिला ते हवं होतं, त्याचा हात पाठीवर हवा होता, आणि लाज वाटत असतानाही माणूस मागत राहतो हे तिला त्या वेळी नीट कळलं.

मग जे करता येण्यासारखं होतं ते तिनं झपाट्यानं केलं. दुर्बिणीची तपासणी करणारा डॉक्टर तिचाच जुना विद्यार्थी, पहिल्या तुकडीतला. त्यानं दुसऱ्याच दिवशी वेळ दिली, दुर्बीण आत घातली, तुकडा काढला, आणि बाहेर येऊन तो तिच्याशी तुकड्याचा अहवाल केव्हा येईल यावरच बोलला, बाकी कशावरही नाही. तो फारच नीट बोलत होता. तिनंच शिकवलेलं असल्यानं तिला त्याच्या नीटपणाचा अर्थ कळला. तिनं त्याला पुढं काही विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. दादाला गुंगी उतरेपर्यंत तिथं ठेवलं होतं. तो मध्येच डोळे उघडून म्हणाला, “झालं का नाटक?” आणि परत झोपला. शेजारच्या पलंगावरच्या माणसाच्या बायकोनं तिला विचारलं, तुमचे कोण हे? भाऊ, ती म्हणाली, आणि तो शब्द उच्चारताना तिला चोरी केल्यासारखं वाटलं.

अहवाल यायच्या आदल्या संध्याकाळी ती दादाकडं पातळ खिमट घेऊन गेली. खाऊन झाल्यावर त्यानं वाटी धुऊन पालथी घातली आणि म्हणाला, “उद्या तू आत येऊ नकोस.” तिला आधी वाटलं तो थट्टा करतोय. “मग एकटा जाणार?” तो म्हणाला, “एकटा नको. ती पोरगी येईल का बघ. ती चष्मेवाली.”

“अरे, ती विद्यार्थिनी आहे. तिसऱ्या वर्षाची. तिला कसं सांगू मी?”

“तू शिकवतेस ना सांगायला?” आता मात्र तो थट्टाच करत होता. मग गंभीर झाला. “तू आत असलीस की तू डॉक्टरशी बोलशील. तुमचं तुमचं. मी मध्ये बसेन, कुणाचं तरी पार्सल असल्यासारखा. आणि तुझं तोंड बघून मलाच तुला सांभाळावं लागेल. मला उद्या तेवढी ताकद नाही गं.” तिला भयंकर अपमान झाल्यासारखं वाटत होतं, आणि अपमान वाटतोय याचीच शरम वाटत होती. आई गेली तेव्हा ह्यानंच तिच्या वेण्या घातल्या होत्या, वाकड्या, एक वर एक खाली, आणि ती तशीच शाळेत जायची कारण त्याला वाईट वाटू नये. ते तेव्हा तिला जमत होतं. कुणी शिकवलं नव्हतं.

म्यूट तिला सकाळी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर सापडली, डबा खात. मॅडमला बघून ती उठायला लागली तर मॅडम म्हणाली, “बस,” आणि स्वतःही शेजारी पायरीवर बसली. ही गोष्ट इतक्या वर्षांत तिनं कधी केली नव्हती. वरून उतरणारी मुलं वळून बघत होती. “पेशंटकाका माझा भाऊ आहे,” ती म्हणाली. “सख्खा.” म्यूटनं डब्याचं झाकण लावलं. ऐकल्यावर चेहऱ्यावर काही आणायचा तिनं प्रयत्न केला नाही. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, “मी काय करायचं तिथं?” “काही नाही. त्याच्या बाजूला बसायचं.” “आणि माझं काही चुकलं तर?” मॅडम म्हणाली, “त्या दिवशी तुझं काहीही चुकलेलं नव्हतं. मी तुला सगळ्यांसमोर बोलले, ते माझं चुकलं.” हे म्हणायला तिला फार जड गेलं, आणि म्हणून झाल्यावर हलकं वगैरे काही वाटलं नाही. म्यूट थोडा वेळ झाकणाच्या कडेवरून बोट फिरवत बसली. “मला कळलं नव्हतं मॅडम,” ती म्हणाली. “नुसतं वाटलं होतं. येते मी.”

दुर्बिणीच्या डॉक्टरच्या खोलीबाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग होती, एकमेकींना लोखंडी पट्टीनं जोडलेली. टोकाचा कुणी उठला की सगळी रांग हलायची. ती मधल्या खुर्चीवर बसली, अंगावर कोट नाही, हातात दादाची पिशवी, पिशवीत त्याची पाण्याची बाटली आणि टोपी. दादा आत जाताना तिच्याकडं बघून म्हणाला, “येतो हां मॅडम,” आणि म्यूटला पुढं घालून आत गेला. दार लागलं. एक सिस्टर लगबगीनं जाता जाता थांबली. “मॅडम, तुम्ही बाहेर का? आत जा ना, सरच आहेत.” आजूबाजूच्या नातेवाइकांनी माना वर केल्या. “नको,” ती म्हणाली. “मला बाहेर बसायला सांगितलंय.” सिस्टरला ते नीट कळलं नाही, ती हसली आणि निघून गेली. शेजारच्या म्हाताऱ्यानं मात्र सहानुभूतीनं मान हलवली, त्याला ते अगदी रोजचं वाटलं असावं. दारातून आवाज येत नव्हता. एकदा दादाचा खोकला आला. एकदा खुर्ची सरकली. आत आता काय बोलत असतील ते तिला पाठ होतं, कोणत्या वाक्यानंतर डॉक्टर थांबेल आणि किती थांबेल, रुमालांचा डबा केव्हा पुढं सरकवेल. ते सगळं तिचंच होतं, आणि तिच्या मनात आलं की त्यातलं एखादं तरी आज चुकू दे, कुणीतरी आत नुसतंच गोंधळू दे. फळीवर ठेवलेल्या कुंडीतल्या झाडाची पानं कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसलेली दिसत होती. ती पानं बघत राहिली. बघता बघता कसलाच विचार न करता ती पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होती आणि लावत होती, आणि मग ते तिच्या लक्षात आलं, आणि तिनं बाटली पिशवीत खोल ढकलली.

दार उघडलं आणि म्यूट एकटीच बाहेर आली. दार तिनं मागं हळूच लावून घेतलं. तिचं नाक लाल झालं होतं. ती समोर उभी राहिली नाही, शेजारची खुर्ची रिकामी झाली होती तीवर येऊन बसली, आणि सगळी रांग किंचित हलली. “काकांनी मला पाठवलंय,” ती म्हणाली. “तुम्हाला मी सांगायचं असं म्हणाले. ते म्हणाले, ऐकायची त्यांना सवय आहे, सांगायची नाही. तुम्हाला सांगणं त्यांना जमणार नाही म्हणाले.” तिनं चष्मा काढला, पुसला नाही, नुसताच हातात धरला. मग मांडीवर हात ठेवून, सुरुवात करायची म्हणून, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून, तिनं विचारलं, “मॅडम, तुम्हाला आत्तापर्यंत काय काय माहीत आहे?”

मॅडमनं तोंड उघडलं. तिला पुष्कळ माहीत होतं. अन्ननलिकेचा कुठला भाग असणार, किती खोल, कापता केव्हा येतं, आणि आलं नाही तर काय काय. दुर्बीणवाल्याच्या नीट बोलण्यावरूनच रोग कुठला ते तिला कळलं होतं, बाकीचं पाठच होतं, आणि आता ते एका दमात सांगून टाकता आलं असतं, म्हणजे या पोरीवरचं ओझंही उतरलं असतं. ती सांगणारही होती.

“रविवारी तो माझ्याकडं जेवायला यायचा,” ती म्हणाली. “प्रत्येक घासावर पाणी प्यायचा. घोट घेऊन मान अशी वर करायचा, आणि मग थोडा वेळ कुणाशी बोलायचा नाही.” म्यूट ऐकत होती. “ते मी बघत होते. पहिल्यापासून बघत होते. अशी माणसं मी किती बघितली आहेत, मला त्याच वेळी कळलं होतं ते काय असू शकतं.” मॅडमचे हात मांडीवरून कधीच सुटले होते. “मी त्याला म्हटलं, चावून खा.”